धाक, ढिलाई आणि शिस्त

छडीच्या अमदानीतच खरी विद्या होती, पंतोजींच्या धाकाने मुखोद्गत झालेले पावकी, निमकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे वार्धक्यातही विसरत नाहीत, आणि छडीबरोबरच शाळेतून अभ्यासही हद्दपार झाला, असे प्रतिपादन करणारी सुविद्य मंडळी आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. पण औटकी पाठ झाली ती रोज तिन्हीसांजेला म्हटल्या जाणाऱ्या परवच्याने, वर्षानुवर्षांच्या अखंड आवृत्तीने. छडी त्या वेळी जवळपास होती, एवढ्यावरून तिला कर्तृत्वाचे श्रेय देणे तर्काला धरून नाही. शिवाय या खटल्यात साक्षीला उभे राहतात ते सारे त्या शाळेतून तरून गेलेले; अंगठे धरून ओणवे राहण्याच्या भयाने ज्यांनी शाळेची वाट कायमची सोडली, त्यांची कैफियत कोणी नोंदवून घेतली? भयाचा सर्वांत मोठा अपाय तर पाठीवरच्या वळांत नसून वहीत असतो. बेरजेत हातचा विसरणारा मुलगा मार चुकविण्यासाठी शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेतो. उत्तर बरोबर ठरते, चूक दडून राहते, आणि जी चूक हुडकण्यासाठीच शिक्षकाची नेमणूक झालेली असते, ती त्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही.

परंतु म्हणून ढिलाईचा कैवार घेता येत नाही. वही न वाचताच तिच्यावर सही करणारा, मूल कंटाळेल म्हणून गणित अर्ध्यावर सोडू देणारा शिक्षक स्वतःस प्रेमळ म्हणवितो आणि अमळनेरच्या छात्रालयातील साने गुरुजींचा दाखला देतो. गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, हे खरे. पण खोली अस्वच्छ राहिली तरी चालेल, असा त्या झाडण्याचा अर्थ नव्हता. अपेक्षेत त्यांनी तिळमात्र सूट दिली नाही. ती पुरी करून घेण्याचा मार्ग तेवढा बदलला.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेले, १९३९ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग येथे ध्यानात घेण्याजोगे आहेत. हुकमतीच्या मंडळात नायक खोलीबाहेर जाताच काम मंदावे. मोकळीक देऊन अलिप्त राहणाऱ्या नायकाच्या मंडळात मुळातच काम थोडे होई. आणि जेथे नायक मुलांशी विचारविनिमय करून, त्यांच्याबरोबर राबत असे, तेथे त्याच्या गैरहजेरीतही काम चालू राही. शिक्षकाची पाठ वळल्यावर टिकते तीच विद्या मुलाची स्वतःची होय, आणि ती हवी असेल तर कडकपणा कामाशी असावा, मुलाशी नव्हे: चुकलेले गणित बरोबर येईपर्यंत पुन्हा मांडायला लावावे, आणि तितक्याच वेळा न रागावता शेजारी बसावे.

साठ मुलांच्या वर्गात हे व्हावे कसे, हा आक्षेप मला सर्वस्वी मान्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली, आणि त्याच कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी साधारणतः तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही ठरवून दिले. ज्यांना छडीवाचून वर्ग आवरत नाही असे वाटते, त्यांनी आपली फिर्याद या दुसऱ्या तरतुदीच्या अंमलबजावणीसाठी सरकारदरबारी गुदरावी.