हातचा म्हणजे कुणाच्या हातातला?

रविवारी ताईकडे गेलो, तर दुसरीतली भाची वहीवर डोकं टेकवून बसलेली. ‘मामा, मी ढ आहे,’ असं तिने डिक्लेअरच करून टाकलं. मॅटर काय, तर ३२ वजा १७. ‘हातचा घ्यायचा’ हे पाठ होतं. पण तो कुणाच्या हातातला, हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं!

महागडं किट मागवायला मोबाइल काढला आणि परत ठेवला. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्तांनी (२०१८ चे पद्मश्री) आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो. मग आपलं काय अडलंय?

खराट्याच्या काड्या तोडल्या. सहा अर्धे चिंचोके, एक बाजू पांढरी, हे झाले फासे. जितके पांढरे वर, तितक्या काड्या उचलायच्या. दहा झाल्या की रबरबँड लावून जुडी. पाच जुड्या आधी करेल तो जिंकला.

खरी गंमत उलट्या डावात. पाच जुड्या घेऊन बसायचं आणि फाशांप्रमाणे काड्या द्यायच्या. सुट्या नाहीत? मग सोडा जुडी!
‘म्हणजे सुट्टे करायचे, कंडक्टरसारखे?’
अगदी तस्सेच, मॅडम.

३२ वजा १७ जमलं. ४१ वजा २६ ला पुन्हा अडली, पण या वेळी माझ्याकडे न बघता तिने रबरबँड ओढला.