दुकानाची पाटी आणि न दिसणारा वाचक



गतवर्षीच्या पोळ्यानंतरची गोष्ट. गोटमार आटोपून आठ दिवस झाले होते. जाम नदीच्या काठावरील गर्दी ओसरली होती आणि पांढुर्णा व सौसरकडील संत्र्यांच्या बागांतून व्यापाऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. अशा एका सायंकाळी आमच्या ओळखीचे एक बागाईतदार आपल्या पत्नीसह आमच्याकडे आले. त्यांची तीनशे झाडे आहेत. आंबिया बहाराची फळे अद्याप हिरवी होती, परंतु व्यापारी विसार हातात घेऊन दारात उभा होता. भाव मात्र असा की, खत, औषध आणि मजुरी वजा जाता मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे शुल्कही निघू नये.

"फादर," ते म्हणाले, "थेट गिऱ्हाइकाला माल विकावा म्हणून वेबसाइट केली. उन्हाळ्यात पैसे भरले. आज चार महिने झाले, एक फोन नाही आला. पोरगी मोबाइलला विचारते, पांढुर्ण्याजवळ शेतकऱ्याकडून संत्री कुठं मिळतील, तर तो भलत्यांचीच नावं सांगतो. आमचं नावच नाही त्यात. द्यावी का बाग व्यापाऱ्याला?"

या विषयात आम्ही पंडित नव्हे. तथापि प्रश्न एका घराच्या वर्षभराच्या कमाईचा होता, म्हणून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, या हेतूने हे लिहीत आहोत.

प्रथम, बदल काय झाला ते समजून घेतले पाहिजे. पूर्वी गूगलला प्रश्न विचारला म्हणजे तो चौकात उभ्या असलेल्या माहीतगार माणसाप्रमाणे दहा दुकानांकडे बोट दाखवी. कोणत्या दुकानात शिरावयाचे ते गिऱ्हाईक ठरवी. आता तो माणूस स्वतःच उत्तर देऊ लागला आहे आणि उत्तराच्या ओघात दोनतीन दुकानांची नावे तेवढी घेतो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे आले. गूगलची कृत्रिम बुद्धीने लिहिलेली उत्तरे भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी व हिंदी भाषांत सुरू झाली. याचा परिणाम लहानसहान नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने मार्च २०२५ मधील काही लोकांचा वापर तपासला. तयार उत्तर समोर नसता शंभरांपैकी पंधरा वेळा लोक एखादा दुवा उघडीत; तयार उत्तर असता केवळ आठ वेळा. तात्पर्य, त्या उत्तरात आपले नाव असणे हेच आता महत्त्वाचे झाले आहे.

हे यंत्र उत्तर कोठून आणते? ते आमच्या बागा पाहत नाही, फळ चाखत नाही. त्याचे फिरते वाचक सदोदित संकेतस्थळे वाचून त्यांची सूची ठेवतात. कोणी प्रश्न विचारला की, यंत्र त्या प्रश्नाचे लहान लहान तुकडे करते, प्रत्येकास जुळणारी पाने काढते आणि त्यांतील मजकुरावरून उत्तर रचते. म्हणजे जे लिहिलेले आहे तेवढेच त्यास ठाऊक! आणि काही वेळा न लिहिलेलेही ते आत्मविश्वासाने सांगून टाकते. म्हणून खरी माहिती स्पष्ट लिहून ठेवणे अधिकच अगत्याचे.

या दृष्टीने आम्ही त्या कुटुंबाचे पान उघडून पाहिले. पाहतो तो संपूर्ण पान म्हणजे एकच रंगीत चित्र! संत्र्यांची रास, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव, फोन व "उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर." माणसाला ते शोभिवंत दिसते, परंतु चित्रात कोरलेली अक्षरे यंत्रास भरवशाने वाचता येतीलच असे नाही. दुसरे असे की, पत्त्यात "जिल्हा छिंदवाडा" असे होते. पांढुर्णा व सौसर या तहसिली मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, हे आपण जाणतोच. गूगलच्या नकाशावर मात्र त्यांनी नवा जिल्हा घातला होता, आणि तेथील फोनही निराळा. एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन पत्ते दिसले, तर टपालवालाही घोटाळ्यात पडतो. मग यंत्राने कशावर विश्वास ठेवावा?

मग तिघांनी मेजाभोवती बसून नवा मजकूर लिहावयास घेतला. आम्ही विचारीत गेलो आणि वहिनी उत्तरे देत गेल्या. "उत्कृष्ट दर्जा" हे शब्द आम्ही काढून टाकले, कारण ते सगळेच लिहितात. त्यांच्या जागी गाव, तहसील आणि जिल्हा आले. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल मिळतात, हे आले. एका पेटीत किती किलो, दर किती, फळ तोडल्यावर किती दिवस टिकते, नागपुरास कसे पोचते, खराब निघाल्यास काय करतात, हे सर्व साध्या अक्षरांत आले. गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारते त्याच शब्दांत प्रश्न आणि त्याखाली दोन ओळींचे सरळ उत्तर. हेच पुन्हा हिंदीत लिहिले. आपण घरी मराठी बोलतो, नागपूरचे गिऱ्हाईकही मराठीत विचारील. परंतु छिंदवाडा व भोपाळचे हिंदीतच विचारणार.

या पद्धतीस काही आधारही आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आय.आय.टी. व अन्य ठिकाणच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मजकुरात नेमके आकडे, आधार व जाणकारांची वचने असली, तर अशा उत्तरांत त्याचे दर्शन चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे त्यांना त्यांच्या चाचण्यांत आढळले. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याचा जुना उपाय मात्र निरुपयोगी ठरला. त्यांच्या चाचणीतला आकडा आपल्या पानास जसाच्या तसा लागू होईल असे समजू नये. पण दिशा ध्यानात घ्यावी.

आणखी दोन गोष्टी पाहिल्या. प्रत्येक संकेतस्थळाच्या दाराशी फिरत्या वाचकांसाठी एक चिठ्ठी ठेवता येते. रोबोट्स डॉट टीएक्सटी असे तिचे नाव असून ही रीत १९९४ पासूनची आहे. तीत "आत येऊ नये" असे लिहिले असेल, तर सभ्य वाचक आत येत नाहीत. या पानाच्या चिठ्ठीत बांधणाऱ्याने सर्वांनाच मनाई करून ठेवली होती; बहुधा काम चालू असताना घातलेली कडी काढावयाची राहिली. तो एक शब्द पुसला. दुसरी गोष्ट, गूगलच्या नकाशावरील व्यवसायाची नोंद व सर्च कन्सोल हे तपासणीचे साधन, ही दोन्ही विनामूल्य आहेत. कृत्रिम बुद्धीच्या उत्तरांत येण्यासाठी निराळी गुप्त खूण लागत नाही, पान सूचीत असले व त्यातील उतारा दाखविण्याची मोकळीक असली म्हणजे ते पात्र ठरते, असे गूगलनेच सांगितले आहे. आणि पहिल्या स्थानाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही त्यांचेच म्हणणे. तेव्हा "हमखास पहिला क्रमांक" म्हणून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे.

अशीच एक हाक त्या कुटुंबासही आली. कोणी एकाने फोन करून सांगितले की, अमुक रक्कम द्या, शंभर माणसे तुमच्या संत्र्यांची स्तुती लिहितील. यंत्र इतरांची मते वाचते हे खरेच, म्हणून मोह मोठा होता. व्यापाऱ्याचा विसार अद्याप परत गेलेला नव्हता. पतीने आमच्याकडे पाहिले. आम्ही बोलण्यापूर्वीच वहिनी म्हणाल्या, "ज्यानं आमचं फळ खाल्लं नाही, त्यानं ते गोड म्हणावं, ही तर खोटी साक्ष झाली. उद्या खऱ्यानं गोड म्हटलं, तर त्याचं कोण ऐकेल?"

आठव्या आज्ञेवर आम्ही अनेक प्रवचने दिली आहेत. इतके थोडक्यात कधी सांगता आले नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे. अभिप्राय लिहिणारा खरा आहे की नाही हे पडताळावे, असा त्याचा रोख आहे. आम्ही सुचविले की, ज्यांनी पूर्वी फळ नेले त्यांनाच विनंती करावी, आणि चार शब्द कडू आले तरी राहू द्यावेत. अकरा जणांनी लिहिले. एकाने "पेटी उशिरा आली" असेही लिहिले. त्याखाली वहिनींनी क्षमा मागून कारण दिले.

मग बागेचे काय झाले? आम्ही सर्व बाग राखून ठेवण्याचा सल्ला दिला नाही. पोटाशी पैज लावू नये. दोनशे चाळीस झाडे त्यांनी व्यापाऱ्यास दिली आणि साठ राखली. ऑक्टोबर कोरडा गेला. नोव्हेंबरच्या मध्यास मुलीने नेहमीचा प्रश्न हिंदीत विचारला, तेव्हा उत्तरात तिसरे नाव त्यांचे होते; मराठीत विचारल्यावर मात्र नव्हते. नाताळपर्यंत सतरा फोन आले. साठांपैकी चाळीस झाडांचा माल थेट गेला, उरलेला त्यांनी नागपूरच्या बाजारात नेऊन विकला. संपत्ती काही आली नाही; परंतु शुल्काचा पहिला हप्ता कोणाकडे हात न पसरता भरला गेला.

आता ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यंत्रास आपल्याविषयी दोन्ही भाषांत विचारतात. उत्तरात चूक दिसली, तर यंत्राशी वाद न घालता आपले पान आणि नकाशावरील नोंद तपासतात. ज्यांचे शिवणकाम, गिरणी, रोपवाटिका किंवा लोणच्याचा लहान उद्योग आहे, त्यांनी प्रथम एका कागदावर एवढेच लिहावे: आपण कोण, कोठे, काय देतो, किती दराने, केव्हा, आणि ज्याने घेतले त्याचे म्हणणे काय. तो कागद घेऊन कोणी आल्यास पुढचे काम आपण मिळून करू. आमचे मेज सायंकाळी बहुधा रिकामेच असते.