मुक्तछंद गाता येत नाही, हे कोणी ठरवलं?

आजच्या मराठी कवितेला चाल लावण्याचा विषय काढला की चार आक्षेप पुढे येतात. मुक्तछंदाला ताल नाही, त्यामुळे तो गाता येत नाही. चाल लागली की गाणं उरतं, कविता जाते. चेलो, क्लॅरिनेट, व्हायोला ही वाद्यं आपली नव्हेत. आणि ऐकायला येणार कोण? हे आक्षेप घेणारे बहुतेक जण भावगीतावर जीव लावलेले आहेत. आकाशवाणीवर ‘भावसरगम’ लागलं की हातातलं काम बाजूला ठेवून ऐकणारी ही माणसं. त्यांचं प्रेम खरं आहे, म्हणूनच त्यांचा पूर्वपक्ष नीट ऐकून घेऊन मग खोडायला हवा.

माझा पक्ष असा. आज लिहिली जाणारी कविता, तिच्या लहानमोठ्या, मध्येच तुटणाऱ्या ओळींसकट, एक गळा आणि चार-पाच वाद्यं यांच्यासाठी नव्याने बांधली जावी. प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते कागदावर लिहिलेलं असावं. ऐकणारे पन्नास-शंभर असावेत आणि खोली एवढीच असावी की माइक लागू नये. युरोपात या प्रकाराला चेंबर म्युझिक म्हणतात. ते मराठीत व्हावं, आणि मालाडसारख्या उपनगरात व्हावं.

आधी तालाचं बघू. गाण्याला मुखडा हवा, दोन-तीन अंतरे हवेत, ध्रुवपद फिरून यायला हवं, हे आपण इतकं गृहीत धरलंय की तो मराठी भाषेचाच धर्म वाटतो. पण या साच्याला शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीसाठी गायली आणि मराठी भावगीताला वाट मिळाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावायचं. कविता लांब असेल तर कडवी गाळायची, आखूड असेल तर पहिली ओळ घोळवायची. गजानन वाटवे, श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर यांनी त्या मापात जे केलं ते सोनं आहे. यशवंत देवांनी तर ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक लिहून शब्दाचा मान कसा राखायचा ते शिकवलं. तरीही माप यंत्राचं होतं. यंत्र बदलून किती पिढ्या झाल्या, आणि आपण आजच्या कवीला अजून त्याच सव्वातीन मिनिटांत बसायला सांगतो.

आता मागे जाऊन पाहा. ज्ञानेश्वरांच्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक आहे, चौथा आखूड आहे, आणि अक्षरांची संख्या ओवीगणिक बदलते. जात्यावरच्या ओवीत तर बाई मनात येईल तेवढे शब्द घालते. ओळ लांबते, आक्रसते आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर पुन्हा जागेवर येते. कीर्तनकार बोलता बोलता गायला लागतो, गाता गाता बोलायला लागतो, आणि ही सीमा कुठे ओलांडली ते ऐकणाऱ्याला कळतही नाही. म्हणजे असमान ओळ गाण्याचा सराव या भाषेला आहे, आणि तो सातशे वर्षांहून जुना आहे.

नवकवितेचं नाव घेऊन ‘ही गाण्याची कविताच नाही’ म्हणणाऱ्यांनी मर्ढेकर पुन्हा उघडावेत. ‘काही कविता’ १९४७चा. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या या कवीने यंत्रयुगाची सगळी ठसठस अभंगाच्या आणि ओवीच्या घाटात भरली. विंदा करंदीकरांनी ‘झपताल’सारखी तालचित्रं लिहिली. नाटकाच्या बाजूने बघायचं तर १९६६च्या ‘लेकुरे उदंड जाहली’मध्ये जितेंद्र अभिषेकींनी वसंत कानेटकरांच्या चटपटीत, बोलल्यासारख्या ओळी सुरात बसवल्या. नवरा-बायकोचा संवाद चालू असतो आणि तो गाणं होऊन जातो. ज्या अभिषेकींकडून लोक नाट्यपदाची भरदार तान ऐकायला यायचे, त्यांनी इथे तान बाजूला ठेवली आणि बोलण्याचा हेल उचलला. त्यांना हे गाता येण्यासारखं वाटलं, हा माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ‘त्या ओळींना लय होती. अरुण काळे, मन्या जोशी, हेमंत दिवटे, वर्जेश सोलंकी, प्रज्ञा दया पवार यांच्या नव्वदोत्तरी कवितेचं काय? तिथे सरळ गद्य असतं.’ मग गद्यच घेऊ, आणि तेही रस्त्यावरचं. मालाड पूर्वेला कुरारच्या गल्लीत सकाळी ऐकू येणारं एक वाक्य : ‘पाणी आलं का बघ, नाहीतर कळशी तरी भरून ठेव.’ हे मोठ्याने म्हणून बघा. ‘आलं का’ला आवाज चढतो. ‘बघ’ला तो खाली येतो आणि ‘घ’वर अडतो. ‘नाहीतर’ घाईत जातं, ‘तरी’वर किंचित दाब येतो, आणि ‘ठेव’मधल्या ‘ए’वर सगळं वाक्य येऊन टेकतं. चढ, उतार, घाई, थांबा, सगळं त्यात आहे. संगीतकाराने फक्त कान द्यायचा आहे. चेक संगीतकार यानाचेक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वहीत हेच टिपत होता. बाजारातली बाई, स्टेशनातला हमाल, कोण कुठल्या सुरात काय बोललं ते तो पाच रेघांवर उतरवून घ्यायचा, आणि त्याच्या ऑपेरांमधलं गाणं त्याच मातीतून उगवलं.

आता ‘बघ’पाशी थोडं थांबू, कारण चार वाद्यं कशाला हवीत याचं उत्तर तिथे आहे. बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. भावगीताचा गायक तो परत आणतो, ‘बघऽ’ असा उघडा करतो आणि त्या ‘अ’वर सूर धरतो. गोड लागतं, पण ती आज्ञा राहत नाही, आर्जव होतं. कुरारच्या त्या बाईने आर्जव केलेलं नाही. चेंबरच्या बांधणीत गायिकेने ‘घ’वर आवाज थांबवावा, जसा बोलताना थांबतो, आणि त्याच क्षणी त्याच स्वरावर क्लॅरिनेटने हलकेच उठावं. शब्द बोलीतला राहिला, सूर तुटला नाही. ‘नाहीतर’च्या घाईला व्हायोलिनवर बोटाने छेडलेले दोन-तीन आखूड स्वर पुरतात. चेलो खाली एकच खर्ज धरून बसतो, त्यामुळे ओळ पाच मात्रांची झाली की सात मात्रांची, याची फिकीर उरत नाही. केहरव्याच्या ठेक्यात हेच वाक्य कोंबलं तर ‘तरी’ला आपटावं लागेल आणि ‘ठेव’ला वेळ मिळणार नाही. दोष वाक्यात नसतो, ठेक्यात असतो. म्हणून तबल्याचा ठेका आणि सिंथेसायझरवरच्या स्ट्रिंग्ज एवढ्या सामग्रीवर नव्या कवितेचे जे प्रयोग होतात ते मला पटत नाहीत. त्यांच्यामुळेच मुक्तछंद बदनाम झाला आहे.

दुसरा आक्षेप कवींचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. चाल लागली की लोक कविता विसरतात. ही भीती जुनी आहे. १८१६ साली शुबर्टच्या मित्रांनी त्याने ग्योथेच्या कवितांना लावलेल्या चाली वायमारला ग्योथेकडे पाठवल्या. ते बाड उत्तराविना परत आलं. ग्योथेला झेल्टर या संगीतकाराच्या साध्या चाली आवडायच्या, सगळ्या कडव्यांना एकच सुरावट, म्हणजे शब्द वर राहतात. आपल्याकडे कवी नेमकं याच्या उलट कारणाने चिडतो. पहिल्या अंतऱ्यात जन्म आहे, तिसऱ्यात मरण आहे, आणि चाल तीच. दोन्ही तक्रारी एकत्र ठेवल्या की कळतं, की कवितेवर अन्याय करायचे मार्ग पुष्कळ आहेत आणि चाल नावाची एकच वस्तू अस्तित्वात नाही. संगीतकार शोनबर्गने १९१२ मध्ये ‘पिएरो ल्युनेर’मध्ये एकवीस कविता घेतल्या आणि प्रत्येकीला वाद्यांची जुळणी बदलत नेली. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो, एवढाच संच. कुठे पाचही, कुठे नुसती बासरी. गळा अर्धा बोलतो, अर्धा गातो. तिथे कविता हरवायला जागाच नाही, कारण संगीत तिला मागे टाकून पुढे पळत नाही. अशी रचना गुणगुणता येत नाही, हे मला मान्य आहे. घरी जाताना ओठांवर चाल नसेल. एखादी ओळ डोक्यात राहील, आणि ज्या कवितेने ती दिली तिचं पुस्तक शोधावंसं वाटेल.

तरीही एखाद्या कवीने नाही म्हटलं तर त्याचं नाही ऐकलं पाहिजे. परवानगीशिवाय आणि मानधनाशिवाय कविता उचलायची सवय आपल्या कार्यक्रमांना फार लागलेली आहे, आणि ‘तुमचं नाव घेतलं ना’ हे उत्तर कवीला देणं लाजिरवाणं आहे.

तिसऱ्या आक्षेपाला, वाद्यांच्या परकेपणाला, मालाडमध्ये उभं राहून उत्तर देणं सोपं जातं. पेटी युरोपातून आली. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन होता, आणि त्या ऑर्गनच्या सुरावर मराठी नाट्यपद अमर झालं. आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती जवळजवळ तीन दशकं टिकली. आज हार्मोनियमशिवाय मराठी मैफल डोळ्यांपुढे येत नाही. हे झालं सर्वांना ठाऊक असलेलं. मालाडचं वेगळेपण यापुढे आहे. मार्वे रोडने पुढे जात राहा : ऑर्लेम, खारोडी, मालवणी, मार्वे, आणि तिथून मढ, एरंगळ. या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती मूळचे इथलेच, घरातली भाषा मराठीची एक बोली. त्यांच्या लग्नात उंबराचं पाणी आणायला निघतात तेव्हा पुढे बँड असतो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजत असतात, आणि बायका मराठीत गात असतात. ऑर्लेमच्या चर्चमध्ये चार आवाजांत गाण्याची रीत आहे. मग क्लॅरिनेट आणि मराठी शब्द एकमेकांना परके कसे? ते एकाच गल्लीत पिढ्यान् पिढ्या राहत आलेत. आपण या बोलीला मराठीत आणि या माणसांना मराठी श्रोत्यांत धरत नाही, हीच काय ती अडचण.

मालाडची दुसरी साक्ष पश्चिमेला, स्टेशनपासून फार लांब नाही. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज सुरू केली ती इथे. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग जर्मन. संगीतकार सरस्वतीदेवी, म्हणजे भातखंड्यांच्या परंपरेत शिकलेल्या पारशी खुर्शीद होमजी. १९३६च्या ‘अछूत कन्या’त अशोककुमार आणि देविका राणी स्वतः गायले. दोघेही तयारीचे गायक नव्हते, म्हणून सरस्वतीदेवींनी चाली बोलण्याच्या जवळ ठेवल्या, वाद्यं मोजकी घेतली. आज त्या ऐकताना शब्द न् शब्द कळतो. पुढे याच आवारात प्रदीप आणि नरेंद्र शर्मा यांच्यासारखे कवी गीतं लिहू लागले. त्याच १९३४ साली वॉल्टर काउफमन हा ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत आला आणि थोड्याच काळात त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. तो पियानोवर, झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवर. हिंदुस्थानी संगीत त्याला सुरुवातीला कळेचना. तो चिकाटीने शिकत राहिला आणि पुढे उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ लिहिला. आकाशवाणीची ओळखीची धून त्याच्याच नावावर आहे. गोव्यातल्या मजोर्ड्याच्या व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये रागांवर बांधलेल्या रचना वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्या साथीने. त्या वाटेवर पुढे कोणी नेटाने चाललं नाही याची मला खंत आहे. सिनेमाच्या वाद्यवृंदांतले वादक मात्र शहरात राहिले, त्यांची मुलं शिकली. सिनेमातलं तंतुवाद्यांचं काम संगणकाने खाल्लं, आणि चांगला चेलो वाजवणारा माणूस आज कामाच्या शोधात आहे.

उरला श्रोत्यांचा प्रश्न. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात हे चालणार नाही, आणि चालवूही नये. पण उपनगरात शंभर माणसांच्या खोल्या गल्लोगल्ली आहेत : ग्रंथालयांची सभागृहं, शाळांचे वर्ग, सोसायट्यांची कार्यालयं, चर्चच्या आवारातली दालनं. संध्याकाळी साडेसातला अंधेरीहून येऊन मालाडला उतरलेला माणूस दादर किंवा नरिमन पॉइंटपर्यंत परत जाणार नाही. घराच्या वाटेवर तासाभराचा कार्यक्रम असेल तर थांबेल. खर्च आहे, आणि तो मुख्यतः तालमींचा आहे. पाच जणांना एक कविता नीट बसवायला आठवडे लागतात. देणगीदाराकडे गेलं की तो सभागृहाचं भाडं देतो, तालमीचे पैसे विचारले की गप्प होतो. त्याला तालमीचेच मागायचे.

सुरुवातीला तीन कविता पुरे : कुरारमधल्या एखाद्या कवयित्रीची, मालवणीतल्या एखाद्या तरुण कवीची, आणि एक खारोडीच्या बोलीतली. तिन्ही हयात कवींच्या, तिघांना तीन संगीतकार. आधी कवीने स्वतः वाचायचं, मग रचना ऐकायची, आणि मध्यंतरानंतर तीच रचना पुन्हा, कारण नवं काहीही एका ऐकण्यात हाती लागत नाही. लिहिलेले कागद नंतर कपाटात ठेवायचे नाहीत, मागेल त्या गटाला द्यायचे. आपल्या भावगीतांच्या चाली मूळ गायकाच्या ध्वनिमुद्रणात अडकून पडल्या. दुसऱ्याने गायलं की ती नक्कल ठरते. या रचनांचं तसं होऊ नये. नाशिकला दुसऱ्या गळ्याने, पणजीला दुसऱ्या चेलोने त्या वाजाव्यात, आणि मालाडपेक्षा वेगळ्या वाजाव्यात.