विम्याची हद्द

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला, मीरा-भाईंदर रस्त्यावर सिल्व्हर पार्क ही वस्ती आहे. गिरणगावातल्या चाळी सुटल्या, दादर-गिरगावात घर घेणे नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा लोकलच्या पासाच्या भरवशावर जी कुटुंबे उत्तरेकडे सरकत गेली त्यांनी हा सारा पट्टा वसवला. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महापालिका झालेल्या या शहरात २०११ च्या जनगणनेच्या वेळी आठ लाखांहून अधिक लोक राहत होते. पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवणारी ही माणसे. त्यांतली काही मुले अमेरिकेला गेली, तिथलीच झाली, आणि इकडे दिवाणखान्यातल्या कपाटावर बर्फात उभ्या असलेल्या नातवंडांची छायाचित्रे आली.

आता उलट दिशेची भाषा कानावर येऊ लागली आहे. पहिल्या लाटांबरोबर गेलेली मराठी माणसे पासष्टी ओलांडून बसली आहेत. उरलेले आयुष्य पुण्यात, ठाण्यात, नाही तर आईवडिलांच्या मीरा रोडच्या जागेत काढावे, असा विचार त्यांच्यात बळावतो आहे. ओढ मातीची आहे असे सांगितले जाते. ती नसेल असे नाही. पण तिच्या जोडीला हिशेबाची वहीही आहे. डॉलरमधल्या निवृत्तिवेतनावर अमेरिकेत जेमतेम भागते, तेच इथे ऐसपैस पुरते. शिवाय अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेचे निवृत्तिवेतन तिच्या नागरिकाला भारतात बसूनही मिळते. मग अडते कुठे? अडते ते आजारपणापाशी. वृद्धांसाठीचा ‘मेडिकेअर’ हा सरकारी आरोग्यविमा अमेरिकेची हद्द ओलांडत नाही.

हा विमा कायद्याने स्थापन झाला १९६५ साली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलैला मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी जाऊन, माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या समक्ष त्यावर सही केली, आणि योजनेचे पहिले कार्ड ट्रुमन यांनाच दिले. त्याआधी अनेक वर्षे तिथल्या डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने ‘हा मागच्या दाराने येणारा समाजवाद’ अशी ओरड करून ही कल्पना रोखून धरली होती. समाजवाद आला नाही हे सांगायला नकोच. वृद्धांची बिले सरकार भरू लागले आणि रुग्णालये खासगीच राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉन्सन यांनी दुसऱ्या एका कायद्यावर सही केली, आणि आशियाई माणसांना जवळजवळ बंद असलेले अमेरिकेचे दार शिकलेल्यांपुरते उघडले. लक्षावधी वृद्ध एकाएकी रुग्णालयांत येऊ लागले होते. त्यांना तपासायला डॉक्टर हवे होते. ग्रँट मेडिकल, जी. एस. मेडिकल यांसारख्या सरकारी आणि पालिकेच्या महाविद्यालयांत नाममात्र शुल्कावर तयार झालेले डॉक्टर त्या दारातून आत गेले. त्यांच्या शिक्षणाचा खर्च मुंबईच्या करदात्याने केला होता. अमेरिकेने तो कधी विचारला नाही आणि आपल्या शासनानेही कधी मागितला नाही.

या माणसांच्या प्रत्येक पगारातून मेडिकेअरसाठी कपात झाली. आज तिचा दर कामगाराकडून १.४५ टक्के आणि मालकाकडून तितकाच आहे. दहा वर्षे कपात भरली की पासष्टाव्या वर्षी रुग्णालयाचा विमा वेगळा हप्ता न देता मिळतो. डॉक्टर आणि बाह्य उपचारांच्या विम्याला मात्र दरमहा हप्ता पडतो. २०२५ साली तो किमान १८५ डॉलर, म्हणजे पंधरा हजार रुपयांहून अधिक होता. परंतु हा मनुष्य मीरा रोडला येऊन राहिला आणि छातीत कळ येऊन रुग्णालयात दाखल झाला, तर तीस-चाळीस वर्षांच्या कपातीतून एक पैसाही त्याच्या बिलाला मिळणार नाही. कायद्याने ठेवलेले अपवाद मासल्यादाखल पाहण्यासारखे आहेत: कॅनडातून अलास्काकडे जाताना वाटेत दुखणे उद्भवले तर, किंवा सीमेवर राहणाऱ्याला परदेशातले रुग्णालयच जवळचे पडत असेल तर. ठाणे जिल्हा यांपैकी कशातच बसत नाही. काही पूरक खासगी विम्यांत परदेशी उपचारांची तरतूद असते, पण ती प्रवाशाच्या तातडीच्या दुखण्यापुरती. प्रवासाचे पहिले साठ दिवस आणि जन्मभरात मिळून पन्नास हजार डॉलर, एवढीच तिची धाव.

बरे, निरुपयोगी म्हणून तो मासिक हप्ता बंद करावा, तर त्यालाही दंड आहे. पुढे प्रकृती ढासळली, मुलांनी परत बोलावले, तर हप्ता बंद ठेवलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के वाढीव रक्कम जन्मभर भरावी लागते. तेव्हा सावध मनुष्य काय करतो? सिल्व्हर पार्कमध्ये बसून तो अशा विम्याचे दरमहा पंधरा हजार रुपये भरत राहतो, ज्याचा उपयोग त्याला विमानात बसल्याखेरीज होणार नाही. त्याच जिन्यावर खालच्या मजल्यावर खासगी कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार राहत असेल, तर १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत त्याला शासनाने दिलेली किमान हमी दरमहा एक हजार रुपयांची आहे. २०१४ साली ठरलेला हा आकडा महागाईने कितीही उड्या मारल्या तरी जागचा हललेला नाही.

अमेरिकेच्या बाजूने सांगितले जाते की परदेशातली बिले तपासणार कोण, खोट्या बिलांना आळा कसा घालणार. अडचण खरी आहे, पण ती सोडवता येणार नाही अशी नाही. जर्मनीत नोकरी करून स्पेनमध्ये राहायला गेलेल्या निवृत्ताला जर्मनीच्या विमासंस्थेकडून एक दाखला मिळतो. तो स्पेनमध्ये नोंदवला की त्याला तिथल्या माणसासारखेच उपचार मिळतात आणि खर्च जर्मनी सोसते. युरोपातल्या सरकारांनी हे करून दाखवले, कारण मजूर एका देशातून दुसऱ्या देशात जाणार असेल तर त्याचा हक्कही त्याच्याबरोबर गेला पाहिजे, हे तिथल्या कामगार चळवळीने मान्य करून घेतले होते. अमेरिकेत मेडिकेअरचा पैसा हा तिथल्या रुग्णालयांचा आणि औषधकंपन्यांचा मोठा आधार आहे. तो मीरा रोडच्या रुग्णालयात खर्च व्हावा असे त्यांना का वाटेल? परतून गेलेला वृद्ध तर त्या तिजोरीला फायद्याचाच: कपात जमा झालेली, खर्च शून्य.

भारताने जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा अशा देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत; अमेरिकेशी मात्र दीर्घकाळ बोलणी होऊनही असा करार हाती लागलेला नाही. त्यामुळे तात्पुरत्या परवान्यावर सहा-सात वर्षे राबून परतणारा तरुण संगणक अभियंता आपली सारी कपात तिथेच सोडून येतो. दहा वर्षे भरली नाहीत म्हणून निवृत्तिवेतनही नाही आणि विमाही नाही. आणि असा करार उद्या झाला तरी तो मुख्यतः निवृत्तिवेतनापुरता असेल. मेडिकेअर त्याने भारतात येणार नाही, हे परतीची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ओळखून असावे.

मग हा परतलेला मनुष्य इथल्या बाजारात विमा शोधू लागतो. साधारण विम्याचा धंदा १९७३ पासून राष्ट्राच्या मालकीचा होता. १९९९ च्या कायद्याने तो खासगी कंपन्यांना खुला झाला. परकी भांडवलाची मर्यादा तेव्हा २६ टक्के होती, ती २०१५ साली ४९ आणि २०२१ साली ७४ टक्क्यांवर गेली. भांडवलाला हद्द उरली नाही. हद्द उरली ती आजारी माणसाला. एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही नवा विमा उतरवता येतो आणि आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली, ही सुधारणा आहेच. परंतु सत्तरीच्या मधुमेही माणसाला तीन वर्षे म्हणजे काय? त्याचा हप्ता कंपनी ठरवते आणि तो न परवडला तर दोष त्याच्या वयाचा.

या गृहस्थाबद्दल सहानुभूती वाटावी, पण ती बेताने. त्याच्यापाशी डॉलर आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेचे बिल तो रोख भरू शकेल. ‘भारतात उपचार स्वस्त आहेत’ हे वाक्य तो सहज बोलतो. ते कोणामुळे स्वस्त आहेत? रात्रपाळी करणारी परिचारिका, कंत्राटावरचा वॉर्डबॉय, घरी येऊन वृद्धाला अंघोळ घालणारी बाई यांच्या वेतनामुळे. अमेरिकेत तेच काम करणारीला द्यावे लागते त्याच्या अंशावर ही माणसे राबतात, आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःच्या आजारपणासाठी त्या रुग्णालयाची पायरी चढणे परवडत नाही. परतलेल्या वृद्धाचे स्वस्त म्हातारपण हा त्यांनी दिलेला अनुदानाचा हप्ता आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही विमासंस्थेच्या वहीत नाही.

खालच्या मजल्यावरच्या कामगाराच्या वाट्याला काय आहे? सत्तरी ओलांडलेली असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांचे केंद्राचे संरक्षण आहे. कागदावर ही रक्कम भरघोस दिसते. पण ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, डोळ्याच्या डॉक्टरांची फी यांना तिच्यात जागा नाही. म्हातारपणाचा बराचसा खर्च तर तोच असतो. खासगी रुग्णालयाने योजनेत सामील व्हावेच असे बंधनही नाही. याउलट १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विमा योजनेत निवृत्त विमाधारकाला पाच वर्षांच्या नोकरीच्या आधारावर वर्षाला अवघ्या १२० रुपयांत स्वतःसाठी आणि पत्नीसाठी औषधोपचार मिळतात, बाह्यरुग्ण विभागासकट. महिना दहा रुपये! एकीकडे पंधरा हजारांचा निरुपयोगी विमा, दुसरीकडे दहा रुपयांचा उपयोगी. या दोहोंतला फरक श्रीमंत देश आणि गरीब देश असा नाही. एक बिले भरणारा विमा आहे, दुसऱ्यामागे स्वतःचे दवाखाने आहेत. दुर्दैव असे की वेतनमर्यादा २१ हजारांवर अडकवून ठेवल्यामुळे पगार थोडा वाढलेला कामगार या योजनेबाहेर फेकला जातो, आणि मीरा रोडच्या म्हाताऱ्याला तिच्या रुग्णालयासाठी लोकलने कांदिवली गाठावी लागते.

भोर समितीने १९४६ सालीच सांगून ठेवले होते की पैसे नाहीत म्हणून कोणाचे उपचार अडता कामा नयेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले; तो तिथवर पोचला नाही. भाईंदर पश्चिमेला महापालिकेने बांधलेले पंडित भीमसेन जोशी रुग्णालय चालवणे पालिकेला झेपेना, तेव्हा ते राज्य शासनाकडे देण्यात आले. अमेरिकेतून परतलेल्या मराठी माणसांनी मंडळे, ढोलताशे आणि संमेलने यांत जी संघटनशक्ती दाखवली आहे, ती त्यांनी दोन ठिकाणी लावून पाहावी. अमेरिकेचे मतदार म्हणून तिथल्या प्रतिनिधींकडे आपल्या कपातीचा हिशेब मागावा, युरोपातल्या दाखल्यासारखी व्यवस्था मागावी. आणि इथे, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याबरोबर रांगेत उभे राहून, सरकारी रुग्णालयात हृदयरोगाचा डॉक्टर पूर्णवेळ का नाही आणि रक्तदाबाची गोळी खिडकीवर महिन्याची एकदम का मिळत नाही, हे विचारावे.