चाकांवरची पथारी

मुंबई-कोलकाता महामार्गावरील कोहमारा फाट्याच्या एका अंगाला नागझिरा, तर दुसऱ्या अंगाला नवेगाव. ही दोन्ही अरण्ये २०१३ मध्ये एका व्याघ्र प्रकल्पात आली. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्याचा लाभ सामान्य हौशी प्रवाशापर्यंत पोहोचावयाचा, तर घरी बांधलेल्या ट्रेलरचाही विचार करावयास हवा.

अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक अश्रुबिंदूच्या आकाराचे ट्रेलर स्वहस्ते बांधीत आले आहेत. रुंदी सुमारे चार फूट, लांबी आठ. प्लायवूडचा तक्ताच तेवढा असतो! आत दोघांची पथारी, मागची झडप उचलली की स्वयंपाकघर. दमणी घडविणाऱ्या वैदर्भीय सुताराला यात अवघड ते काय? अवघड आहे भाराचे गणित. वजन आसाच्या मागे गेले, की ट्रेलर वेगात डोलू लागतो आणि ओढणारी मोटारही भरकटते. ट्रकांच्या गर्दीत ही चूक जिवावरच बेतावयाची.

म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरलाही नोंदणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. परंतु प्रारूपाच्या चाचण्या करून घेणे कारखानदाराला परवडते. एकच ट्रेलर बांधणाऱ्याला ते झेपणारे नव्हे. ऑस्ट्रेलियात घरगुती हलका ट्रेलर तपासून नोंदविला जातो. येथेही परिवहन कार्यालयाने आस, जोड, दिवे आणि भार पाहून क्रमांक द्यावा. मात्र या दोन अरण्यांमधून वाघांची ये-जा असते. तेव्हा रात्रीचा तळ रस्त्याकडेला नव्हे, कोहमाऱ्याच्या वस्तीलगत नेमून दिलेल्या जागीच पडावा.