‘म्हातारचळ’ म्हणू नका

देवळाली प्रवरासारख्या गावी स्मृतिभ्रंश झालेल्या आईला ‘म्हातारचळ लागला’ म्हणतात, दाराला बाहेरून कडी घालून कामावर जातात (उरलेला भार सुनेवर!), आणि वृद्धाश्रमाचा विचार करणाऱ्या मुलाला मात्र नावे ठेवितात. हा कुठला न्याय?

2007 च्या कायद्यात जिल्ह्यामागे किमान 150 गरजू वृद्धांसाठी एका वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण रात्री उठून ‘मला घरी न्या’ म्हणणाऱ्या आजीला दीडशेंच्या गर्दीत ओळखणार कोण? तिला रोजचे तेच चेहरे, तीच खाट हवी. संत जान ज्युगाँ यांनी 1839 मध्ये फ्रान्सात एका अंध वृद्धेला स्वतःची खाट दिली. समिती नेमली नाही. धर्मग्रामाच्या सभागृहासाठी वर्गणी जमते, मग दहा खाटांच्या घरासाठी का जमू नये?