किनाऱ्याच्या वारसांनो, सातबारा हाती घ्या!

कोकणातील तरुण बंधूंनो आणि भगिनींनो, मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत, मुरुड-श्रीवर्धनपासून दापोली-गुहागरपर्यंत, मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या किनाऱ्यावर तुमच्या पूर्वजांनी खारबंदिस्ती घालून समुद्राला मागे सारले, खडकात खड्डे खणून नारळी-पोफळी जगविली, पावसाळा संपताच होड्या दर्यात लोटल्या, त्या किनाऱ्यावर स्वतःच्या कमाईने दोन गुंठे जागा घेण्याची ऐपत आज तुमच्यापैकी किती जणांत उरली आहे? भावकीच्या सामाईक घरात तिसरी चूल मांडायला जागा नाही म्हणून पनवेल-नालासोपाऱ्याच्या चाळीत भाड्याने राहायला गेलेले किती? आणि ज्या वाडीत आजोबांनी सुपारी लावली, त्याच वाडीच्या फाटकावर गणवेश घालून पहाऱ्याला उभे राहिलेले किती?

पाहा तरी त्या नव्या वसाहती! बारा फुटी भिंत, भिंतीवर काटेरी तार, फाटकाला परदेशी गावाचे नाव. आत आखीव रस्ते, कापलेली हिरवळ, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पोहण्याचा निळा तलाव. (समुद्रासाठी म्हणून कोटी मोजणाऱ्याला खारे पाणी नको असते, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही.) वर्षातील बहुतेक दिवस त्या घरांच्या खिडक्या उघडत नाहीत. पण त्यांच्या कूपनलिका अखंड चालतात, आणि किनाऱ्याच्या वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर उपसला गेला की शेजारच्या वस्तीची विहीर मचूळ होते. जी पाणंद पिढ्यान्पिढ्या पुळणीकडे जात होती, तिच्यावर एके दिवशी साखळी येते. जिथे कोळणी सुकट वाळवीत, तिथून ‘वास येतो’ अशी तक्रार जाते. पहारेकरी गावचाच पोरगा असतो. त्याला नोंदवहीत आपल्याच चुलत्याचे नाव लिहून घ्यावे लागते, येण्याचे कारण विचारावे लागते. ही का आमची प्रतिष्ठा? यासाठी का आम्ही शिकलो?

‘जमिनीला भाव आला’ असे कौतुकाने सांगितले जाते. हा भाव आणला कोणी? २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहणारी रो-रो सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, रस्ते रुंद झाले. हे सारे सार्वजनिक कार्य, आणि त्याच्यामागे जो पैसा उभा राहिला त्यात तुम्ही विकत घेतलेल्या काडेपेटीवरील करही आहे. पण पूल येणार ही वार्ता दलालाला आधी कळली आणि शेतकऱ्याला शेवटी. ज्याने राब भाजला, चिखलणी केली, त्याने पडक्या भावात विकले. ज्याने कधी नांगर धरला नाही, त्याने चार वर्षे कुंपण घालून ठेवले आणि अनेक पटींनी विकले. आता अलिबाग तालुक्यातील नागाव-किहीमच्या गुंठ्याची किंमत नागाव-किहीमच्या उत्पन्नावर ठरत नाही. ती मलबार हिलच्या तिजोरीवर ठरते. भाताच्या खंडीवर, मासळीच्या टोपलीवर, अंगणवाडी सेविकेच्या मानधनावर जगणाऱ्याने त्या तिजोरीशी बोली कशी लावावी? एका शेजाऱ्याने चढ्या भावाने खरेदीखत नोंदविले की त्या खताचे बोट धरून सगळ्या आळीचा भाव चढतो. ज्याला विकायचे नाही त्याला त्या भाववाढीतून काही मिळत नाही, आणि ज्याला घ्यायचे आहे त्याचे गावात राहणेच बंद होते.

कायदा आमच्या बाजूला नव्हता काय? होता. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेऊ नये असे कूळकायद्याचे कलम ६३ सांगते. मग कुठल्या तरी दूरच्या तालुक्यातील शेतकरी-दाखला पैदा होतो, कुलमुखत्यारपत्रे फिरतात, आणि पावसाळा उलटण्याआधी भातखाचर ‘एन.ए.’ होते. कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येऊ नये म्हणून कलम ४३ होते. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून ती वाटही मोकळी झाली. शेतसाऱ्याचे मोजके रुपये, त्यांची ४० पट! शतकाच्या लढ्याचे कुलूप उघडायला एवढीशी किल्ली पुरली. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ पासून अस्तित्वात आहे. तिच्या नावाने कोळ्याला पडवी वाढविताना कागदांचा ढीग मागितला जातो, आणि तिला न जुमानता बंगले उठतात. किहीमच्या पुळणीवरचा हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, तेव्हा साऱ्या देशाने तो धुरळा पाहिला. पण तो मालक देश सोडून पळाला नसता, तर सुरुंग लागला असता का?

आणि आता, मित्रहो, मी तुम्हाला त्याच अलिबाग तालुक्यातील एका गावी नेऊ इच्छितो. चरी हे त्याचे नाव. खोत आणि सावकार खंडाच्या नावाखाली कुळाच्या तोंडचा घास ओढून नेत होते, तेव्हा १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या २५ गावांतील कुळांनी निर्धार केला की जमीन कसायची नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही; १९३९ पर्यंत त्यांनी नांगर उचलला नाही. शेतकऱ्याने डोळ्यांदेखत शेत ओसाड पडू द्यावे, हे दुःख काय असते हे ज्याने रोपाला हात लावला आहे त्यालाच कळेल. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून, उपाशी राहून ती माणसे ताठ उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो कष्टकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. कूळकायदा कुणी दान दिलेला नाही. तो या उपाशी पोटांनी मिळविलेला आहे. तुमच्या सातबाऱ्यावर जे नाव आहे, त्याच्या प्रत्येक अक्षराखाली सहा वर्षांची भूक आहे. त्या नावाखाली तुम्ही कशासाठी सही करता? एका मोटारीसाठी? हळदीच्या मांडवासाठी?

रागावू नका. इस्पितळाचे बिल भागविण्यासाठी विकलेल्या जमिनीचा दोष मी कुणाला देत नाही. पण भावाभावांच्या वादाने वाटणी होत नाही, मुंबईचा चाकरमानी फेरफाराला येत नाही, बहिणींकडून हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले जातात आणि दलालाला तर फुटलेले घरच हवे असते. एकेकटा मालक त्याच्यासमोर याचक असतो. पंचवीस मालक एकत्र बसले की खुर्ची बदलते!

एकीचे बळ या भूमीने पाहिलेले नाही काय? जानेवारी १९८४ मध्ये भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यात उरणच्या शेतकऱ्यांनी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहून गोळ्या झेलल्या. पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क उगवला. पेण तालुक्यातील २२ गावांनी २००८ साली जनमत देऊन महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) विरोध नोंदविला आणि तो प्रकल्प उभा राहिला नाही. गोव्याच्या जनतेने रस्त्यावर उतरून २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा मागे घ्यायला लावला. आणि केवळ नकार देऊनच बळ दिसते असेही नाही. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला विकली नाही. ती एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, स्वतःच नगर वसविले आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. पुण्याच्या शेतकऱ्याला जे साधले, ते अलिबागच्या, दापोलीच्या, देवगडच्या शेतकऱ्याला का साधू नये? पाहुण्याला समुद्र हवा आहे ना? द्या! घर द्या, सेवा द्या, मुदतीचे भाडेपट्टे द्या. मालकी मात्र गावातल्या सहकारी संस्थेच्या तिजोरीत राहू द्या.

वेळ थोडा आहे. २०२४ साली कोकण किनाऱ्यावरील १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची अधिसूचना निघाली. म्हणजे किनाऱ्याची आखणी आता कचेरीत होणार. त्या नकाशावर गावठाण कुठे संपते, पाणंद कुठून जाते, होडी कुठे ओढतात, जाळे कुठे वाळते हे सांगणारा माणूस नसेल, तर तिथे पांढरी जागा दिसेल, आणि पांढरी जागा म्हणजे मोकळी जागा असाच अर्थ लावला जाईल.

म्हणून या महिन्यातच आपल्या वाडीचे सातबारे काढा. मयतांची नावे तशीच असतील, तर वारसांची नोंद करून घ्या, आणि त्यात बहिणींचीही नावे घाला. गटनकाशावरील प्रत्येक पाणंद प्रत्यक्ष चालून पाहा, आणि जिथे साखळी आडवी येईल तिथे तहसीलदाराकडे लेखी तक्रार द्या. गावठाणाचा विस्तार, नव्या प्रत्येक वसाहतीत गावकऱ्यांना परवडणाऱ्या दराने राखीव भूखंड, आणि विहिरींचे पाणी मोजल्याशिवाय कूपनलिकेला परवानगी नाही, असे तीन ठराव लिहून काढा. ग्रामसभा येईल तेव्हा मुंबईची पहिली गाडी पकडून या. अध्यक्षांनी ‘विषय पत्रिकेत नाही’ म्हटले, तर तो विषय आधीच अर्ज देऊन पत्रिकेत घातलेला असू द्या. ठराव वाचून दाखवा, हात वर करून मते मोजून घ्या, इतिवृत्तात शब्दशः उतरवून घ्या, आणि शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय त्या सभागृहातून एकानेही उठू नका.